घरातला ऑक्सिजन सिलिंडर: तेलाचा हात नको

प्रश्न: गिरगावात चाळीत राहतो. सासऱ्यांसाठी ऑक्सिजनचा मध्यम, बी-टाइप सिलिंडर आणलाय. रेग्युलेटर घट्ट फिरतो, शिवणयंत्राचं तेल लावू का? आणि एक सिलिंडर किती तास पुरेल?

उत्तर: तेल अजिबात लावू नका. भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे १५० बार (बार हे दाबाचं एकक) दाब असतो. व्हॉल्व्ह झटक्यात उघडला की वायू दाबला जाऊन तापतो आणि शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेलाचा नुसता ओशटपणाही पेट घेऊ शकतो. हात साबणाने धुऊन कोरडे करा. रेग्युलेटर जोडण्याआधी व्हॉल्व्ह क्षणभर किंचित उघडून धूळ उडवून द्या. त्याचं तोंड माणसांकडे नको. आटे तिरके बसले असतील तर काढून पुन्हा लावा. तरीही अडलं तर रेग्युलेटर बदलून मागा. व्हॉल्व्ह नेहमी सावकाश उघडा. सासऱ्यांचं नाक कोरडं पडलं तर व्हॅसलीनही नको, पाण्यात विरघळणारं जेल डॉक्टरांना विचारून आणा.

तासांचा हिशेब सोपा आहे. या सिलिंडरची पाण्याची क्षमता, म्हणजे आत मावेल तेवढं पाणी, सुमारे १० लिटर असते. तिला रेग्युलेटरवरचा दाबाचा काटा दाखवेल तेवढ्या बारने गुणा: १५० बारला १,५०० लिटर वायू. मिनिटाला २ लिटर सोडला तर साडेबारा तास. पण काटा ५० वर आला की दुसरा मागवा, तेव्हा चारच तास उरलेले असतात आणि पावसाळ्यात गाडी कुठे अडकेल सांगता येत नाही.

चाळीच्या खोलीत देवघर आणि गॅसची शेगडी जवळच असते, त्याची खरी काळजी वाटते. सिलिंडर खिडकीपाशी, भिंतीला साखळीने बांधून उभा ठेवा. ऑक्सिजन चालू असताना खोलीत समई, उदबत्ती, विडी काहीच नको. पांघरुणातही ऑक्सिजन मुरतो, म्हणून बंद केल्यावर ते झटकून वाऱ्यावर टाका.