रक्त माझंच होतं, सर

मे महिन्यात दुपारी तीन वाजता सोलापुरात कुणी उगाच घराबाहेर पडत नाही. ४२ अंशांच्या उन्हात तो माझ्या समुपदेशन केंद्रावर आला, आणि आला तरी दारातच उभा. बाहेरच्या बाकावर कुणी ओळखीचं नाही ना, हे दोनदा बघून मग आत शिरला. वय २६, यंत्रमागाच्या शेडमध्ये जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, लग्नाला अकरा दिवस झालेले. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्या आहेत.) तांब्याभर पाणी पिऊन झाल्यावर फरशीकडे बघत म्हणाला, “सर, माझी नस तुटलीय. मी आता बाद झालो काय?”

“नस तुटली” म्हणत येणाऱ्या मुलांची नस बहुतेक वेळा तुटलेली नसतेच. लिंगाच्या टोकाखाली, पुढच्या कातडीला बांधून ठेवणारी एक नाजूक घडी असते. पोरं तिला धागा किंवा दोरा म्हणतात. पहिल्या संबंधाच्या वेळी कोरडेपणा, घाई आणि दोघांच्याही मनातली धास्ती एकत्र आली की ती ताणली जाऊन चिरते. तिच्यात बारीकशी रक्तवाहिनी असल्यामुळे जखम तांदळाच्या दाण्याएवढी आणि रक्त मात्र घाबरवून टाकण्याइतकं. ताठरतेशी तिचा संबंध नाही, मूल होण्याशी तर मुळीच नाही.

एवढं सांगितल्यावर तो रडायलाच लागला. पण रडण्याचं कारण वेगळं होतं.

“सकाळी मावशी खोलीत आली. चादरीवर डाग बघितला आन् सगळ्यांना पेढे वाटल्यासारखं सांगत सुटली. सर, रक्त माझंच होतं. आता कुणाला सांगू?”

मला हसू आलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. आवरलं. मुलीला पहिल्या वेळी रक्त येतंच असं नाही, अनेकींना येत नाही, आणि त्यावरून कुणाची काहीही परीक्षा होत नाही, हे आम्ही इथे बसून घसा कोरडा होईपर्यंत सांगतो. आणि इकडे अख्खं घर नवरदेवाच्या जखमेवर खूश!

अकरा दिवस हा जखमेचं काय करत होता, ते विचारलं. पहिल्या रात्री हळद. दुसऱ्या दिवशी डेटॉल, तेही पाणी न घालता. मग मेडिकलवाल्यानं खाजेची म्हणून दिलेली ट्यूब. असल्या मिश्र मलमांत बऱ्याचदा स्टेरॉईड असतं. त्यानं कातडी पातळ होते आणि जखम भरायला उलट वेळ लागतो. तरीही अकरा दिवसांत निदान सुधारणा दिसायला हवी होती. म्हणून विचारलं, “दिवसातून किती वेळा बघतोस?”

“मोजलं नाही.”

“काल?”

“पंधरा-वीस डाव. शेडच्या संडासात जाऊन. आन् पू येतोय सर, पिवळा पिवळा. रोज सकाळी कापसानं घासून काढतो.”

तिथेच सगळं होतं. जखम भरत असताना तिच्यावर पिवळसर पांढरा पातळ थर धरतो. तो पू नव्हे, खालच्या नव्या कातडीचं पांघरूण असतं. पू घट्ट असतो, वास मारतो, सोबत सूज आणि दुखणं वाढत जातं. हा गडी रोज रात्री शरीरानं विणलेलं सकाळी कापसानं उसवत होता; वर “चालू आहे का” हे तपासायला दर दोन दिवसांनी स्वतःच ताण देत होता. माग चालू ठेवून तुटलेला धागा जोडतात का, असं विचारलं तेव्हा पहिल्यांदा तो हसला. जॉबरला यापेक्षा जास्त समजवावं लागत नाही.

मी डॉक्टर नाही. त्याला त्याच संध्याकाळी ओळखीच्या सर्जनकडे पाठवलं, कारण अकरा दिवस न भरलेली जखम डोळ्यांनी बघणं गरजेचं होतं. त्यांनी टाका नको म्हणून सांगितलं, शेवटचं धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवत नसल्यानं ते दिलं आणि रक्तातली साखर तपासली, कारण मधुमेहात जखमा रेंगाळतात. साखर ठीक निघाली. बाकी उपचार इतका साधा की त्याला आधी पटेना. दिवसातून एकदा-दोनदा नुसत्या पाण्यानं धुवायचं, साबण नाही, डेटॉल नाही. आपल्याकडे नळ काही दिवसांआड येतो आणि पाणी पिंपात साठतं, म्हणून उकळून गार केलेलं वापर, हे मी जोडलं. हलकं टिपून कोरडं करायचं, कपडा चिकटू नये म्हणून व्हॅसलीनचा पातळ हात, सैल सुती चड्डी, शेडमध्ये घामानं भिजली की बदलायची. धुताना मागे घेतलेली कातडी आठवणीनं पुढे आणायची. ती मागेच अडकून टोक सुजलं आणि पुढे येईना, तर रात्र असो की पहाट, दवाखाना गाठायचा.

संबंध आणि हस्तमैथुन तीन आठवडे बंद. “पण सर, पहाटे आपोआपच…” ते होणारच, झोपेत जवळजवळ सगळ्याच पुरुषांना होतं. थोडं दुखलं तरी घाबरायचं नाही, झोपण्याआधी लघवी करून यायचं.

पहिल्या रात्रीच कुणी सांगायला असतं, तर एवढंच सांगितलं असतं: स्वच्छ कपड्यानं दहा मिनिटं सलग दाबून धर, मध्ये उघडून बघू नको. त्यानंतरही रक्त वाहत राहिलं, लघवी अडली किंवा लघवीतून रक्त आलं, तर थेट सिव्हिल हॉस्पिटल. आणि संबंधाच्या वेळी “कट्” असा आवाज होऊन ताठरता एकदम गेली, लिंग सुजून काळंनिळं पडलं, तर तो प्रकारच वेगळा. तिथे घरी थांबायचं नसतं, त्याच दिवशी शस्त्रक्रिया लागू शकते.

पुढच्या वेळी बायकोला घेऊन ये म्हटलं. आठवड्यानं दोघं आली. ती बार्शीकडची, बोलायला त्याच्यापेक्षा धीट. त्यानं अडखळत सगळं सांगितलं, मावशीचा पराक्रमही. ती ऐकत होती, मग माझ्याकडे बघून म्हणाली, “मला ठाऊक होतं की. मला काही झालंच नव्हतं. पण सगळी खूश होती, तर म्हटलं आपण कशाला तोंड उघडा? उद्या ह्यांनीच विचारलं असतं, मग तुझं रक्त कुठंय म्हणून.” थोड्या वेळानं हळूच: “हे लांब झोपायला लागले, तर मी आवडले नाही वाटलं.”

तो तिच्याकडे बघतच राहिला. मी पाणी आणायला म्हणून उठलो आणि जरा जास्तच वेळ लावला.

जूनच्या शेवटी तो एकटा आला. जखम भरली होती. घाई करायची नाही, कोरडेपणा असेल तर पाण्यात विरघळणारं जेल घ्यायचं, कंडोम वापरणार असशील तर खोबरेल तेल नको कारण तेलानं रबर फाटतं, हे बोलून झालं. पुन्हा त्याच जागी चिरलं, तर जागा बधिर करून करायची छोटी शस्त्रक्रिया असते, हेही सांगितलं.

निघताना मीच विचारलं, “त्या चादरीचं काय झालं?”

“वापरतोय की. सोलापुरी हाय सर. डाग गेला, रंग नाही गेला.”