काळ्या मातीत चुना: पायाखाली नको, रस्त्याला जरूर

परभणीजवळ पाच गुंठ्यांचा प्लॉट, दहा फूट काळी माती, त्याखाली मुरूम. ठेकेदार म्हणतो, "फुटिंगच्या (खांबाच्या पायाच्या) खड्ड्यात चार-चार पोती चुना टाकू, माती फुगायची नाही." हे खरं का, हा तुमचा पहिला प्रश्न. आणि गेटपासून पोर्चपर्यंतच्या चिखलाचं काय करायचं, हा तुमचा दुसरा प्रश्न.

आधी ती चार पोती. खड्ड्याच्या तळाला चुना पसरून वर पीसीसी (सळ्या नसलेलं साधं काँक्रीट) ओतली, तर तो तिथेच थर होऊन पडून राहतो. चिकणमातीतून तो फारसा खाली उतरत नाही. चुन्याची मातीशी कालवाकालव झाली तरच काम होतं, आणि खड्ड्याच्या तळाशी ती कोणी करत नाही. काळ्या मातीचं फुगणं-आकसणं साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत चालतं. तुमच्याकडे दहा फुटांवर मुरूम लागतोय, तर पाया सरळ मुरुमात न्या. तेवढं खोदणं महाग पडत असेल तर अंडर-रीम्ड पाइल आहेत: जमिनीत खोल जाणारे, खाली कंदासारखा फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब, रुडकीच्या सीबीआरआय या बांधकाम संशोधन संस्थेने याच मातीसाठी रुळवलेले. कोणते घ्यायचे हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला ठरवू द्या, ठेकेदाराला नाही.

रस्त्याला मात्र चुना डोळे झाकून वापरा. म्हणजे, डोळे सांभाळून. ते शेवटी सांगतो.

या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. तिच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की ती फुगते. चुन्यातलं कॅल्शियम त्या पापुद्र्यांना चिकटतं, बारीक कण एकमेकांना धरून गुठळ्या करतात, आणि पाण्याची ओढ कमी होते. हे काही तासांत दिसतं: काल फावड्याला लोण्यासारखी चिकटणारी माती आज रवाळ होऊन सुटी पडते. दुसरं काम सावकाश चालतं. चुन्यामुळे मातीचा पीएच 12.4 च्या आसपास जातो, त्यात चिकणमातीतली सिलिका विरघळते आणि सिमेंटसारखा बंध तयार होतो. ही ताकद महिनोन् महिने वाढत राहते. म्हणूनच नुसत्या मुरुमात किंवा वाळूत चुना घालून फारसं काही होत नाही. त्याला चिकणमाती लागते.

"आमच्या रानात चुनखडीचे खडे आहेतच की," असं बरेच जण म्हणतात. ती चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, इथे तिचा उपयोग शून्य. भट्टीत भाजल्यावरच ती कामाची होते आणि हवेत उघडी राहिली की हळूहळू परत कार्बोनेट होते. मी 2011 साली गोठ्याच्या वाटेला स्वस्तात मिळालेला चुना घातला. दुकानाबाहेर फाटक्या पोत्यांत पावसाळाभर पडलेला माल होता. कालवला, दाबला, दुसऱ्या दिवशी माती तशीच चिकट. पहिल्याच पावसात ट्रॉलीचं चाक वीतभर रुतलं. तेव्हापासून पोतं फोडलं की चिमूटभर भुकटीवर लिंबू पिळतो. जोरात फसफसलं तर माल परत.

आता तुमचा रस्ता. 40 फूट × 10 फूट, सहा इंच जाडी धरली तर 200 घनफूट, म्हणजे 2 ब्रास. घनमीटरला दीड टन कोरडी माती धरून वजन साडेआठ टनांच्या घरात. त्याच्या 5 टक्के म्हणजे साधारण 425 किलो विरलेल्या (पाणी घालून शमवलेल्या) चुन्याची भुकटी, 25 किलोची 17 पोती. सहसा 3 ते 8 टक्क्यांत भागतं. नेमका आकडा जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमधून काढून घ्या. त्यांना मातीत जिप्सम किंवा सल्फेट आहे का तेही बघायला सांगा. ते जास्त असेल तर चुन्याने माती उलट फुगते.

ढेकळं रोटाव्हेटरने गोटीएवढी बारीक होईपर्यंत फोडा. सगळी मेहनत इथेच आहे, आणि मजूर इथेच कंटाळतात. अर्धा चुना घाला, पाणी मारून कालवा, एक दिवस झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी उरलेला अर्धा घालून परत कालवा आणि त्याच दिवशी रोलर फिरवा. धुम्मसने सहा इंच दबत नाही, छोटा रोलर भाड्याने आणा. मूठ दाबल्यावर गोळा व्हावा पण तळहात ओला होऊ नये, एवढंच पाणी. मग सात दिवस ओलं गोणपाट आणि गाडी बंद. वर खडी-मुरुमाचा थर हवाच, कारण चुनामाती उघड्यावर झिजते. दोन्ही बाजूंना उतार आणि चर काढा.

कळीचा, म्हणजे न विरवलेला, चुना स्वस्त दिसला तरी घरच्या कामाला आणू नका. पाणी पडलं की तो उकळतो. भुकटीलाही गॉगल, हातमोजे आणि नाकाला रुमाल लागतो, वाऱ्याच्या दिवशी काम नको. डोळ्यात गेलाच तर लगेच भरपूर पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि तडक दवाखाना गाठा. हे सगळं मार्च-एप्रिलमध्ये उरका. जूनमध्ये ढेकूळच फुटत नाही.