बॅटरी बदलल्यापासून कारचा स्टिरिओ चालूच होत नाही. स्टिरिओ जळला असेल का?

बहुधा नाही. तुम्ही लिहिलंय की गाडी जुनी वॅगन-आर आहे, स्टिरिओ बाहेरून बसवून घेतलेला आहे, बॅटरीवाला घरी येऊन नवी बॅटरी लावून गेला आणि तेव्हापासून गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते, पण स्टिरिओचा दिवासुद्धा लागत नाही. दुकानदार म्हणतो, नवा घ्या. इतक्यात घेऊ नका. मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. अशा तक्रारीत सेट खराब निघण्यापेक्षा सेटपर्यंत करंटच पोचत नाही, असं जास्त वेळा निघतं.

आधी बॉनेट उघडा आणि बॅटरीच्या प्लस टर्मिनलच्या आसपास नीट बघा. बाहेरून स्टिरिओ किंवा अँप्लिफायर बसवताना फिटर बरेचदा एक वायर थेट बॅटरीवरून घेतो. तिच्या मध्येच फ्यूजचा छोटा होल्डर असतो आणि टोकाला गोल लग, म्हणजे बोल्टात अडकवायची धातूची कडी. बॅटरी बदलणारा माणूस घाईत असतो. तो कंपनीचे दोन जाड क्लॅम्प आवळतो आणि ही वायर तशीच लोंबकळत सोडतो. गाडीला तिची गरज नसते, त्यामुळे गाडी मजेत चालते. वायर सापडली तर आधी तिचा फ्यूज काढा, लग क्लॅम्पच्या बोल्टखाली आवळा आणि मग फ्यूज घाला. मायनसच्या बाजूलाही अशीच एखादी अर्थची वायर सुटलेली नाही ना, तेही बघून घ्या.

तिथे सगळं जागेवर असेल तर प्रश्न असा विचारा: स्टिरिओसोबत आणखी काय बंद आहे? स्टिरिओला प्लस दोन ठिकाणांहून मिळतो. पिवळी वायर म्हणजे कायमचा करंट, चावी काढली तरी चालू. स्टेशनं आणि सेटिंग तिच्यावर टिकतात. लाल वायरला चावी एसीसीवर, म्हणजे इंजिन सुरू न करता स्टिरिओ चालतो त्या टप्प्यावर, आली की करंट येतो. काळी अर्थ. आता छतातला दिवा आणि घड्याळही बंद असेल, तर कायमच्या लाइनीचा फ्यूज उडाला आहे. बऱ्याच गाड्यांत या तिघांचा फ्यूज एकच असतो. छतातला दिवा लागतो पण चार्जिंगचं सॉकेट बंद आहे, तर एसीसीचा फ्यूज बघा. दोन्ही चालू असतील तर सेटच्या मागे खोचलेला फ्यूज राहिला. तो बहुतेक १० किंवा १५ अँपिअरचा असतो: १० चा लाल, १५ चा निळा.

फ्यूज नुसता डोळ्यांनी बघून ठीक म्हणू नका. त्याच्या डोक्यावर दोन बारीक उघडे धातूचे ठिपके असतात. चावी एसीसीवर ठेवा, मल्टीमीटरची काळी पिन बॉडीच्या उघड्या धातूला लावा आणि लाल पिन आळीपाळीने दोन्ही ठिपक्यांवर. दोन्हीकडे १२ व्होल्टच्या आसपास आले तर फ्यूज ठीक, एकाच बाजूला आले तर उडालेला. नवा घालताना तितक्याच अँपिअरचा घाला. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवणारे मेकॅनिक मी पाहिले आहेत. त्यात फ्यूजऐवजी वायरिंग जळतं.

नवा फ्यूजही घातल्या घातल्या उडाला, तर मात्र बॅटरी लावताना प्लस-मायनस क्षणभर उलटे लागले होते का, असा संशय घ्यायला जागा आहे. ३८बी२०एल आणि ३८बी२०आर या बॅटऱ्या दिसायला, मापाला सारख्याच, फक्त टर्मिनलच्या बाजू उलट. प्लसचा खुंट मायनसपेक्षा जाड असतो म्हणून क्लॅम्प सहसा उलटा बसत नाही, पण नुसता टेकला तरी पुरतो. बऱ्याच स्टिरिओंत अशा वेळेसाठी प्लस आणि अर्थच्या मध्ये एक डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग, टाकलेला असतो. तो स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो आणि आतलं सर्किट वाचवतो. म्हणजे तेव्हाही सेट मेलाच असं नाही. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा डायोड बदलून देतो, भाग काही रुपयांचा.

कुणीतरी तुम्हाला ‘स्टिरिओ चोरीविरोधी कोड मागत असेल’ असंही सांगेल. बॅटरी काढल्यावर कोड मागतात ते होंडा, फोर्ड, फोक्सवॅगन, स्कोडा वगैरेंचे कंपनीचे सेट, आणि ते स्क्रीनवर ‘कोड’ किंवा ‘सेफ’ असं दाखवतात. तुमचा दिवाच लागत नाही, तेव्हा तो मुद्दा सोडा. अंदाजाने आकडे दाबणं तर कुठल्याच सेटवर नको, काही चुकांनंतर तो तासभर लॉक होतो. ह्युंदाईवाले हे वाचत असतील तर त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूच्या फ्यूज पॅनेलमधला मेमरी फ्यूज किंवा छोटा स्विच आधी बघावा. तो बंद असला की ऑडिओ, घड्याळ, आतले दिवे सगळं गप्प.

सेट बाहेर काढावा लागला तर आधी बॅटरीचा मायनस सोडवा. डॅशमध्ये पिवळ्या नळीतून गेलेली वायर किंवा पिवळं कनेक्टर दिसलं तर हात लावू नका, ते एअरबॅगचं असतं. स्टिरिओची एकटी पिवळी वायर त्यापासून वेगळी ओळखू येते. सेट पुढे ओढून घेतल्यावर मायनस परत जोडा आणि मागच्या प्लगवर मीटर लावा: काळीच्या तुलनेत पिवळीवर आणि लालवर, चावी बंद असताना आणि एसीसीवर असताना. दोन्हींवर १२ व्होल्ट येऊनही सेट उठत नसेल, तर पुढच्या पट्टीवरचं रीसेटचं बारीक भोक टाचणीने दाबून बघा आणि मगच दुरुस्तीवाल्याकडे न्या. आकडे काय आले ते इथे लिहा, पुढचं सांगतो.