ट्रोम्सो ते लाँगयिअरब्येन : अंतर आणि वेळेचा हिशेब

उत्तर नॉर्वेतील ट्रोम्सोहून, आर्क्टिकमधील नॉर्वेच्याच स्वालबार्ड द्वीपसमूहातील लाँगयिअरब्येनला प्रथमच विमानाने निघणार असाल, तर भिंतीवरच्या नकाशावरून अंतराचा अंदाज बांधू नका. ध्रुवाकडे जाताना त्या नकाशावर प्रदेश ताणले जातात आणि अंतर कितीतरी मोठे भासते. त्याऐवजी अक्षांश पाहावेत. ट्रोम्सो ६९.७ अंशांवर आणि लाँगयिअरब्येन ७८.२ अंशांवर आहे; एका अंशाला सुमारे १११ किलोमीटर धरले, तर साडेआठ अंशांचे जवळपास ९५० किलोमीटर होतात. रेखांशातील फरकाने यात फारशी भर पडत नाही, कारण तिथे रेखावृत्ते एकमेकांजवळ येतात आणि ७८ अंशांवर रेखांशाचा एक अंश जेमतेम २३ किलोमीटरचा उरतो.

ताशी ८०० किलोमीटर वेगाने हे अंतर सव्वा तासाचे वाटेल. मात्र धावपट्टीपर्यंतची वाटचाल, चढण आणि उतरण धरून पावणेदोन तास गृहीत धरावेत. घड्याळ बदलावे लागत नाही.

एक गोष्ट मात्र मी आवर्जून सांगेन : स्वालबार्ड नॉर्वेचे असले तरी शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर, असल्याने पासपोर्ट तपासणी होते, आणि भारतीय पासपोर्टधारकाने नॉर्वेमार्गे परतण्यासाठी किमान दोनदा प्रवेश देणारा व्हिसा घ्यावा. धुक्यामुळे विमान रखडू शकते, म्हणून पुढच्या प्रवासाआधी एक दिवस मोकळा ठेवावा.