व्याख्यान ठेवा, पण फॉर्म शाळेतच भरून घ्या

प्रश्न : मी नुकताच मुख्याध्यापक झालो आहे. आमच्याकडची बहुतेक मुलं घरातली शिकणारी पहिलीच पिढी. हुशार मुलंसुद्धा शाळा संपली की पुढे कुठेच दिसत नाहीत. एखाद्या नामवंत वक्त्याचं करिअर मार्गदर्शन ठेवलं, तर उपयोग होईल का?

उत्तर : सर, व्याख्यान जरूर ठेवा, पण तेवढ्यानं भागणार नाही. मुलं भारावून घरी जातात, प्रवेशाचा किंवा शिष्यवृत्तीचा फॉर्म उघडतात आणि ‘पालकांचं वार्षिक उत्पन्न’ या रकान्यापाशी अडतात. वडील रोजंदारीवर, काम कधी असतं कधी नसतं. आकडा काय लिहायचा? विचारायचं कुणाला? फॉर्म दप्तरातच राहतो, मुदत टळते आणि आपण म्हणतो, पोराला शिकायचंच नव्हतं. मुख्याध्यापिका असताना हे वाक्य मी फार वेळा ऐकलं, आणि दर वेळी मला त्याचा राग आला.

अर्थशास्त्रज्ञ एरिक बेटिंजर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेला एक प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. कॉलेजसाठी मिळणाऱ्या आर्थिक मदतीची काही कुटुंबांना नुसती माहिती दिली, तर काहींना शेजारी बसून अर्ज भरायला मदत केली. शाळेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलांमध्ये पुढे कॉलेजची दोन वर्षं पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण या मदतीमुळे २८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेलं. नुसत्या माहितीनं मात्र फारसा फरक पडला नाही.

वेळापत्रक तुमच्या हातात आहे, तेच वापरा. शेवटच्या वर्गाला आठवड्यातून एक तास फक्त अर्जांसाठी द्या. ज्या शिक्षकांवर हे काम सोपवाल, त्यांचा दुसरा एक तास कमी करा; ‘जमेल तसं बघा’ म्हटलं की ते काम मागे पडतंच. पालकांना संध्याकाळी बोलवा. दिवसा बोलावलं तर त्यांची मजुरी बुडते. एक वही ठेवा : मुलाचं नाव, अर्ज कुठे केला, कोणता कागद अडलाय. ती दर आठवड्याला तुम्ही स्वतः बघा, निकालानंतरच्या सुट्टीतही. त्या दिवसांत मुलं कोणत्याच शाळेची नसतात, आणि नेमकी तेव्हाच गळतात.



या महिन्यात मागच्या वर्षी बाहेर पडलेल्या मुलांची यादी काढा आणि एकेका घरी फोन लावा. कुठे अडलं, ते विचारा. वहीचे बाकीचे रकाने त्यावरूनच ठरवा.