कोर्ट सोडून जिनिव्हाला येण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आठ वर्षं फौजदारी वकिली झाली, त्यातली बहुतेक कच्च्या कैद्यांचे जामीन आणि कोठडीतल्या मारहाणीच्या प्रकरणांत गेली. आता एकेका प्रकरणापेक्षा कायदा आणि धोरण बदलण्यासाठी झटायचं आहे, म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या कामासाठी जिनिव्हाला येण्याचा विचार आहे. एलएलएम, म्हणजे कायद्यातली पदव्युत्तर पदवी, करावी का, इथे काम करण्याचं परमिट कसं मिळतं, वकिलीच्या सनदेचं काय होतं आणि कोर्टात उभं राहणं सुटलं की पोकळी वाटते का, असं तुम्ही विचारलंत. मी सेशन्स कोर्ट आणि हायकोर्टातली वकिली थांबवून याच कामासाठी इथे आले, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

पोकळी वाटते. ती कशाची असते ते आधी सांगते, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरायला हवं. कोर्टात तुमचा अर्ज बोर्डावर आला की न्यायाधीशांना तो ऐकावाच लागतो. तारखा पडतील, जामीन फेटाळला जाईल, पण शेवटी कारणांसह आदेश हातात येतो आणि तो पटला नाही तर वर जाता येतं. इथे तुमचं ऐकून घेण्याचं बंधन कुणावरच नाही. समोर बसलेल्या राजनैतिक अधिकाऱ्याकडे एका वेळी अनेक विषय असतात. तुमचं म्हणणं त्याला पटलं तरी त्याच्या राजधानीतून होकार यावा लागतो. तो आला तर तुमची मागणी त्याच्या देशाच्या तोंडून, त्याच्या देशाच्या शब्दांत मांडली जाते आणि तुमचं नाव कुठेही येत नाही. ज्याला हे मनापासून चालणार आहे त्यानंच यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग यायचं कशासाठी? तुमच्याच कामातलं उदाहरण घेते. कोठडीतल्या मृत्यूंबाबतच्या डी. के. बसू प्रकरणात सुप्रीम कोर्टानं डिसेंबर १९९६ मध्ये अटकेबाबत मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, आणि रिमांडच्या वेळी आपण अजूनही तीच पुढे करतो. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं १९९७ मध्ये सही केली, मंजुरी मात्र अजून दिलेली नाही. २०१० मध्ये छळ प्रतिबंधक विधेयक लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत प्रवर समितीकडे गेलं आणि पुढे बारगळलं. २०१७ मध्ये विधी आयोगानं २७३व्या अहवालात कराराला मंजुरी देण्याची शिफारस केली आणि विधेयकाचा मसुदाही जोडला. माजी कायदामंत्री अश्वनी कुमार याच मागणीसाठी सुप्रीम कोर्टात गेले, तेव्हा कोर्टानं २०१९ मध्ये सांगितलं की असा कायदा करा असं आम्ही संसदेला बजावू शकत नाही. कोर्टाचा रस्ता कुठे संपतो हे कोर्टानंच लिहून ठेवलंय. कोठडीत मार खाल्लेल्या माणसाच्या जखमा तुम्ही मेडिकल रिपोर्टमध्ये वाचल्या आहेत. हा रस्ता संपल्यावर पुढे कुणीच काही करू नये, हे तुम्हाला सहन होत नसेल, तर तुमचं येणं योग्य आहे.

एक समज मात्र तिकडेच सोडून या. जिनिव्हा हे सुप्रीम कोर्टाच्या वरचं अपील कोर्ट नाही. नागरी आणि राजकीय हक्कांचा करार भारतानं १९७९ मध्ये स्वीकारला, पण पीडित व्यक्तीला स्वतः तक्रार करू देणारा त्याचा ऐच्छिक प्रोटोकॉल स्वीकारला नाही. त्यामुळे तुमचा पक्षकार हा करार पाळला जातो का ते पाहणाऱ्या मानवी हक्क समितीपुढे भारत सरकारविरुद्ध दाद मागू शकत नाही. ज्या वाटा उरतात त्या सगळ्या सरकारांवर दबाव आणण्याच्या आणि सरकारांना समजावण्याच्या आहेत.

त्यातली एक तुम्हाला लगेच ओळखीची वाटेल. करार स्वीकारणाऱ्या देशाला ठरावीक काळानं समितीपुढे अहवाल द्यावा लागतो आणि समितीतले १८ तज्ज्ञ त्याच्या शिष्टमंडळाला प्रश्न विचारतात. या करारांतर्गत भारताचा आढावा १९९७ नंतर थेट जुलै २०२४ मध्ये झाला. आपण तिथे बोलत नाही. सुनावणीआधी पर्यायी अहवाल देतो, तज्ज्ञांना भेटतो आणि त्यांनी काय विचारावं ते सुचवतो. ही दुसऱ्याच्या तोंडून केलेली उलटतपासणीच असते. शिष्टमंडळ कुठे गोलमोल उत्तर देईल याचा अंदाज बांधून पुढचा प्रश्न तयार ठेवणं, हे ज्यानं साक्षीदार तपासले आहेत त्याला जितकं जमतं तितकं केवळ विद्यापीठातून आलेल्यांना जमताना मी पाहिलेलं नाही.

दुसरी वाट म्हणजे २००८ पासून चालू असलेला सार्वत्रिक नियतकालिक आढावा, इथल्या बोलीत यूपीआर. यात एका देशाचा आढावा बाकीचे देश घेतात. भारताची पाळी २००८, २०१२, २०१७ आणि २०२२ मध्ये आली. आढाव्याला साडेतीन तास असतात आणि बोलणारे देश इतके असतात की प्रत्येकाच्या वाट्याला मिनिट-दीड मिनिटच येतं. त्यामुळे खरं काम आधीच्या काही महिन्यांत होतं. संस्थेनं एकटीनं निवेदन दिलं तर २,८१५ शब्दांची मर्यादा असते, अनेकींनी मिळून दिलं तर ५,६३० शब्दांची. शंभर पानी रिट लिहिणाऱ्या वकिलाला ही मर्यादा जाचते, पण शिस्त लावते. मग एकेका देशाच्या प्रतिनिधीला गाठायचं आणि शिफारशीचं क्रियापद घट्ट करून घ्यायचं. ‘मंजुरीबाबत प्रयत्न चालू ठेवावेत’ ही शिफारस कुठलंही सरकार आनंदानं स्वीकारतं, कारण त्यात करायचं काहीच नसतं. ‘मंजुरी द्यावी’ असं आलं की पुढच्या फेरीत विचारता येतं, दिलीत का? छळविरोधी करार या आढाव्यांत पुन्हा पुन्हा येतो तो अशाच पाठपुराव्यामुळे. हे काम करायला जिनिव्हात घर लागत नाही, हेही सांगते. दिल्लीतल्या दूतावासांशी बोलणं तितकंच महत्त्वाचं असतं.

तिसरी वाट विशेष प्रतिवेदकांची, म्हणजे एकेका विषयासाठी नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञांची. एखादं प्रकरण त्यांच्याकडे पाठवलं तर ते सरकारला पत्र लिहून विचारणा करतात, आणि त्यासाठी देशातले सगळे उपाय संपलेले असण्याची अट नाही. विचारणेची ही पत्रं साधारणपणे ६० दिवसांनी सार्वजनिक होतात. पक्षकाराला काय सांगून संमती घ्यायची हा प्रश्न इथे फार गंभीर होतो. ज्या ठाण्यात मारहाण झाली त्याच ठाण्याच्या हद्दीत ते कुटुंब राहत असतं. संयुक्त राष्ट्रांशी सहकार्य केलं म्हणून लोकांवर सूड उगवला जातो, यावर महासचिवांना दरवर्षी स्वतंत्र अहवाल द्यावा लागतो, इतकं हे नेहमीचं आहे. नाव द्यायचं की नाही, नंतर माघार घ्यायची झाली तर काय, हे त्यांच्या भाषेत, त्यांच्या घरी बसून समजावणारं माणूस हवं. इथे बसून अहवाल लिहिताना माणसं ‘केस’ होऊन जातात. वकीलपत्रावर अंगठा घेण्याआधी जशी तुम्ही त्यांची नजर बघत होता, ती सवय कृपा करून मोडू नका. या क्षेत्राला तुमच्यासारख्यांची गरज आहे ती यासाठी.

म्हणूनच कोर्टातलं काम खालचं आणि धोरणाचं वरचं, असं मी मानत नाही. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते आणि त्यातले ४,३४,३०२ कच्चे होते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नं पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर सुटकेची वाट दिली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती जुन्या प्रकरणांनाही लागू केली. एका तरतुदीनं हजारो माणसांच्या सुटकेचा दरवाजा उघडला. पण तुरुंगात जाऊन कुणाचा किती काळ झाला ते मोजणारा आणि अर्ज करणारा वकील तालुक्याच्या कोर्टातच लागतो. दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांना फोन करत राहिलं तरच यातलं काही टिकतं.

आता व्यवहाराचं. एलएलएमला मी सरसकट हो म्हणणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या व्यावसायिक पदांना बहुतेक ठिकाणी पदव्युत्तर पदवी मागतात, म्हणून तिचा उपयोग आहे. जिनिव्हा अकॅडमी आणि इंग्लंडमधलं एसेक्स विद्यापीठ या विषयासाठी नावाजलेली आहेत. पण कर्ज काढून, नोकरी नक्की मिळेल या भरवशावर येऊ नका. शिष्यवृत्ती मिळाली तरच या, हा माझा आग्रह आहे. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीचा विचार असेल तर शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट आहे, ती आधी वाचा.

परमिट हा सगळ्यात कठीण भाग. स्वित्झर्लंडमध्ये युरोपबाहेरच्या देशांतल्या लोकांसाठी वर्षाचा कोटा असतो. गेली काही वर्षं तो ८,५०० परमिटांचा आहे आणि तो सगळ्या क्षेत्रांना मिळून आहे. नेमणूक करणाऱ्या संस्थेला दाखवावं लागतं की स्विस किंवा युरोपीय उमेदवार मिळाला नाही. लहान स्वयंसेवी संस्थेला हे झेपत नाही. मुलाखत चांगली होऊनही नकार आला तर स्वतःला दोष देऊ नका. इथल्या विद्यापीठात शिकलेल्यांना पदवीनंतर नोकरी शोधायला सहा महिने मिळतात, तोच काय तो थोडा मोकळा काळ. संयुक्त राष्ट्रांच्या कर्मचाऱ्यांचं परमिट वेगळ्या व्यवस्थेतून येतं, पण तिथे शिरणं आणखी अवघड आहे. सचिवालयातली इंटर्नशिप बिनपगारी असते. तरुणांच्या भरतीसाठी संयुक्त राष्ट्रं घेतात त्या यंग प्रोफेशनल्स परीक्षेला वयाची मर्यादा ३२ आहे आणि ती त्या वर्षीच्या यादीतल्या देशांच्याच नागरिकांना देता येते, तेव्हा तुमचं वय मोजून बघा.

आणि काळ वाईट आहे. २०२५ मध्ये अमेरिकेनं मानवी हक्क परिषदेशी संबंध तोडले, परदेशी मदत कापली, आणि संयुक्त राष्ट्रांनीही खर्चकपात सुरू केली. अनुभवी माणसांच्या नोकऱ्या गेल्या आहेत आणि तीच माणसं आता तुमच्याबरोबर त्याच जागांसाठी अर्ज करत आहेत. म्हणून नजर फक्त जिनिव्हावर ठेवू नका. बँकॉकला संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाचं प्रादेशिक केंद्र आहे, आशियातल्या संस्थांचं मोठं जाळं आहे, आणि भारतातल्या वकिलाच्या अनुभवाची तिथे खरी कदर होते. भारतातल्या संस्थेमार्फत काम करायचं असेल तर परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी एका संस्थेकडून दुसरीकडे वळवता येत नाही, हे ध्यानात असू द्या. तुमच्या ओळखीच्या छोट्या संस्थांना आपण निधी मिळवून देऊ, असा शब्द कुणाला देऊ नका.

इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत आरोग्य विमा काढावा लागतो. घरभाड्याची अनामत तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत असते. बैठका इंग्रजीत चालतात, पण घर, दवाखाना, सरकारी कचेरी सगळं फ्रेंचमध्ये, तेव्हा भाषेचा वर्ग आत्ताच लावा.

यायचं की नाही हे ठरवण्याआधी एक गोष्ट करून पाहा, असं मला मनापासून वाटतं. तुमच्या कोठडीतल्या मारहाणीच्या प्रकरणांपैकी निवडक घ्या, इतर वकिलांची तशीच प्रकरणं मिळवा आणि त्यातून २,८१५ शब्दांचं निवेदन लिहा. कुणाचीही ओळख उघड न करता, शेवटी तीनच शिफारशी. लिहिताना तुम्हाला सारखं त्या एका आईचा जबाब पूर्ण द्यावासा वाटत राहिला, तर कोर्टात राहा, तिथे तुमची जागा आहे. आणि त्या सगळ्या जबाबांतून एकच नियम कुठे तुटतो ते दिसायला लागलं आणि तो नियम दुरुस्त करायची घाई झाली, तर या.

सनदेची काळजी सोडा. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली थांबवावी लागते आणि तसं राज्याच्या बार कौन्सिलला कळवावं लागतं. सनद रद्द होत नाही, स्थगित राहते, आणि परत आल्यावर अर्ज करून वकिली सुरू करता येते. न कळवता निघून जाणं मात्र अंगाशी येतं.

चालू प्रकरणांबाबत नियम आहेच, की पुरेसं कारण आणि वेळेवर सूचना दिल्याशिवाय वकीलपत्र सोडायचं नाही आणि न केलेल्या कामाची फी परत करायची. पण नियमाच्या पलीकडे जा. प्रत्येक पक्षकाराला समोर बसवून सांगा, नवीन वकिलाशी गाठ घालून द्या, फाइलमध्ये पुढची तारीख आणि राहिलेलं काम लिहून ठेवा. जे अजून आत आहेत त्यांना तुरुंगात जाऊन भेटा आणि नव्या वकिलाचा नंबर त्यांच्या घरच्यांकडेही द्या. त्यांच्यातल्या कुणाचा जामीन अर्ज युक्तिवादाला लागलेला असेल, तर तो संपेपर्यंत तिकीट काढू नका.