नाच सोडून पुढे काय, त्याच्या आधी तास मोज

तुझी पोस्ट काल रात्री वाचली, मग परत एकदा वाचली. अकरा वर्षं शिकलीस, गुडघा कुरकुरतोय, स्टेजवर पोट भरायचं नाहीये हे तुझं तुला कळलंय, आणि घरचे विचारतायत की मग एवढी वर्षं घातलीस कशाला. आणि शेवटी तू विचारलंयस, रेझ्युमेत नृत्य आवडीनिवडीत टाकू की टाकूच नको. त्या ओळीपाशी मी अडकले, कारण मी टाकलं होतं. "आवडी : नृत्य, वाचन." चौदा वर्षांची तालीम आणि तिची जागा वाचनाच्या शेजारी, मध्ये एक स्वल्पविराम.

(वयाने लहान वाटतेस म्हणून अगं-तुगं करतेय, चालत नसेल तर सांग.)

आधीच सांगते, मी करिअर काउन्सेलर वगैरे नाही. डान्स मूव्हमेंट थेरपी करते, म्हणजे नाच आणि हालचालींतून उपचार, बहुतेक वयस्कर पेशंट, त्यामुळे माझा कल तिकडे झुकणारच. बाकीच्या क्षेत्रांचं मैत्रिणींकडून ऐकलेलं आणि थोडं वाचलेलं. आणि "स्वतःचा क्लास काढ" हे तुला वीस जणांनी सांगून झालं असेल, त्यात मी पडत नाही.

क्षेत्रांच्या याद्या सगळे देतात गं. पण मी क्षेत्र निवडताना आपटले नाही, मी आपटले कागदावर.

झालं असं की थेरपीच्या कोर्सला अर्ज केला. अर्जात एक रकाना होता, नृत्यशिक्षणाचे तास आणि शिकवण्याचे तास, सहीनिशी. मी झोकात लिहिलं, "चौदा वर्षे". अर्ज परत आला, वर्षं नकोत, तास लिहा आणि शिक्षकांचं पत्र जोडा. बरं. गेले नाच शिकवणाऱ्या बाईंकडे. बाई तोवर थकल्या होत्या, क्लास दुसऱ्या कुणीतरी चालवत होतं. म्हणाल्या, "तास? अगं मोजून कोण शिकतं?" आणि मग बसून स्वतःच्या हाताने दीड पान पत्र लिहिलं. मुलगी गुणी आहे, लय उपजत आहे, लहान मुलांना फार प्रेमाने शिकवते. ते पत्र आजही माझ्याकडे आहे. त्यात एक आकडा नव्हता, तारीख नव्हती, लेटरहेड तर बाईंनी आयुष्यात कधी छापलंच नाही.

मग अर्ज घेणारं ते ऑफिस. नाव घेत नाही, घेऊन काही होणार पण नाही. पहिल्या खेपेला खिडकीवरच्या माणसाने पत्र उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, हे अनुभवात धरता येत नाही, हा छंद झाला. मी म्हटलं पाच वर्षं लहान मुलांची बॅच घेतलीये. म्हणे पगाराची पावती आहे का? आता मानधन बाई पाकिटात घालून द्यायच्या, पावती कुठली. दुसऱ्या खेपेला वेगळा माणूस, तो म्हणाला स्वतःचं प्रतिज्ञापत्र करून आणा, चालेल. ते केलं. तिसऱ्या खेपेला खिडकीत एक मॅडम होत्या, त्यांनी सांगितलं प्रतिज्ञापत्र कुणी सांगितलं तुम्हाला, हे आम्ही घेतच नाही. ईमेल केले तर प्रत्येक वेळी तेच उत्तर, तुमची विचारणा संबंधित विभागाकडे पाठवली आहे. संबंधित विभाग म्हणजे तीच खिडकी! मुदत गेली. पुढच्या वर्षी अर्जाचा नमुना बदलला आणि सगळं पहिल्यापासून. दोन वर्षं गेली माझी ह्यात, आणि मी त्या दोन वर्षांत जी नोकरी केली तिच्याबद्दल न बोललेलं बरं.

पण खरं सांगू का, ऑफिस आडमुठं होतं हे खरंच, तरी मुळातली चूक माझीच. चौदा वर्षांत मी एकदाही काही लिहून ठेवलं नव्हतं.

शेवटी उभं केलं ते असं. आईची भिंतीवरची जुनी कॅलेंडरं, ती क्लासच्या दिवसावर बारीक टिक करायची म्हणजे मला न्यायला कधी यायचं ते लक्षात राहावं. तीन वर्षांची सापडली, बाकीची वह्यांना कव्हरं घालण्यात गेली होती. मग छोट्या बॅचची हजेरीवही. व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे "आज क्लास नाही"वाले मेसेज (हसू नकोस, त्यावरून सुट्ट्या वजा करता आल्या). कार्यक्रमांच्या पत्रिका, त्यावर तारीख असते. ह्या सगळ्यावरून एक साधा तक्ता केला. पहिली ४ वर्षं आठवड्याला २ तास, वर्षाचे ४२ आठवडे, म्हणजे ३३६. पुढची १० वर्षं आठवड्याला साडेचार तास, १८९० तास. एकूण २२२६. शिकवलेलं वेगळं, ५ वर्षं, ४० आठवडे, ३ तास, ६००. खाली क्लास आता चालवणाऱ्यांची सही आणि बरोबर शिकलेल्या दोघींची. एक पान. ते पान दिल्यावर कुणी मला छंद म्हणालं नाही, तोच खिडकीवाला "अरे वा" म्हणाला.

तर तुझे बाई किंवा सर अजून शिकवतायत असं तू लिहिलंयस. आज संध्याकाळी जा. उद्या नको. तक्ता तूच टाइप करून ने, त्यांना फक्त तपासून सही करायला सांग, कारण गुरूंना "पत्र द्या" म्हटलं की ते कौतुक लिहितात, आणि कौतुकाचे तास धरत नाहीत.

हा आपल्या नाचणाऱ्यांचा जुनाच रोग आहे म्हणा. नाच अंगात असतो, कागदावर नसतो. पण रुडॉल्फ लाबान ह्या कोरिओग्राफरने हालचाल लिहायची पद्धत १९२८ साली छापली, म्हणजे संगीतासारखं स्कोअर (लिहून ठेवलेली रचना) वाचून नाच बसवता येईल अशी. १९५५ मध्ये बेनेश नवरा-बायकोची दुसरी पद्धत आली, ती बॅलेवाल्यांनी उचलली, आणि पुढे सेरेब्रल पाल्सीच्या पेशंटची हालचाल नोंदवायलाही वापरली गेली. आणि हान्या होल्म ह्या कोरिओग्राफर बाईचं मला फार आवडतं, तिने १९५२ मध्ये एका ब्रॉडवे म्युझिकलच्या नृत्यरचनेचा कॉपीराइट अमेरिकेत नोंदवला, नृत्यरचना म्हणून झालेली ती तिथली पहिली नोंद, आणि जमलं कसं तर लाबानच्या लिपीत लिहिलेला स्कोअर होता म्हणून. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही नृत्यरचना नाट्यकृतीत धरलीये, पण लिहून किंवा दुसऱ्या कुठल्या तरी रूपात ती पक्की केलेली हवी. नुसती बसवलेली आणि सगळ्यांना पाठ असलेली रचना तिथेही दिसत नाही. (कुणी कायदा शिकत असेल आणि नाच येत असेल तर हे काम मोकळं पडलंय असं मला वाटतं, वकील मंडळींनी मला दुरुस्त करावं.)

ह्याच धाग्यातून पुढची कामं सुचतात बघ. नोटेशन (नाच असा लिपीत लिहून ठेवणं), जुन्या व्हिडिओंचं अर्काइव्ह लावणं, आणि मोशन कॅप्चर. मोशन कॅप्चरमध्ये अंगावर मार्कर लावून हालचाल कम्प्युटरला देतात, आणि तिथे ज्याला तीच हालचाल अकराव्यांदा तश्शीच करता येते तो माणूस सोन्याचा. मर्स कनिंगहॅमसारखा मोठा कोरिओग्राफर १९९० च्या आसपास कम्प्युटरवर आकृत्या हलवून रचना करायला लागला होता, त्याची सत्तरी आली होती तेव्हा. माझी एक मैत्रीण अॅनिमेशनमध्ये आहे, ती नाचत नाही, चालण्यातलं वजन चुकलंय का एवढंच बघते. म्हणजे आपण धाकट्या बॅचला ओरडायचो ना, टाच आधी पडतेय म्हणून, तेच, फक्त पगार मिळतो. दुसरी स्टेज मॅनेजर झाली. लाइटचे क्यू मात्रा मोजून देते, घड्याळ बघत नाही. बाकी इव्हेंट मॅनेजमेंट वगैरे लोक सुचवतील, माझं स्पष्ट मत, त्यात तुझी तालीम कुठेच वापरली जात नाही, नुसती धावपळ वापरली जाते. कुणाला राग आला तर येऊ दे.

आता थेरपी, कारण तू पोस्टमध्ये एका ओळीत विचारलंयस. हे फॅड नाहीये. मेरियन चेस नावाची नर्तकी वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स ह्या मनोरुग्णांच्या हॉस्पिटलात १९४२ पासून काम करत होती, १९६६ मध्ये अमेरिकेत ह्या थेरपिस्टांची संघटना झाली आणि चेसच पहिली अध्यक्ष. इर्मगार्ड बार्टेनिएफ तर लाबानची शिष्या, नर्तकी, अमेरिकेत आल्यावर फिजिओथेरपी शिकली आणि पोलिओच्या पेशंटांबरोबर काम केलं. म्हणजे तू पहिली नाहीस. घरच्यांना सांगायला उपयोगी.

पण. वीकएंडचं सर्टिफिकेट घेऊन स्वतःला थेरपिस्ट म्हणवून घेऊ नकोस, प्लीज. व्यवस्थित शिक्षण म्हणजे बहुतेक ठिकाणी मास्टर्स आणि देखरेखीखालचे शेकडो तास. देशोदेशी नियम वेगळे, बदलतात पण, तेव्हा माझ्या शब्दावर जाऊ नकोस, त्या त्या संघटनेचे सध्याचे नियम स्वतः वाच. नाच येणं ही आत जायची अट आहे, तेवढ्यावर पेशंटला हात लावता येत नाही. पहिल्या वर्षी मला सगळ्यात जड गेलं ते हेच, की समोरच्याचा हात चुकीचा उचलला गेला तरी तो दुरुस्त करायचा नाही. चौदा वर्षांची सवय, जीभ चावायचे.

आणि थेरपीच हवी असंही नाही. पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) लोकांसाठी नुसते नृत्याचे वर्ग असतात, न्यूयॉर्कला ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस ह्या कोरिओग्राफरच्या नृत्यकंपनीने २००१ मध्ये सुरू केले आणि मग ते बऱ्याच देशांत पसरले. ते रोग बरा करायचा दावा करत नाहीत, वर्ग नाचाचाच असतो. तो शिकवणारे नर्तकच असतात, वेगळं प्रशिक्षण घेतलेले.

एकच प्रसंग सांगते, ओळख पटणार नाही असा. एक आजोबा, पार्किन्सन. खोलीच्या दारात आले की पाय जमिनीला चिकटायचे, उंबरा नसलेलं साधं दार, पण हलायलाच तयार नाहीत. ह्याला फ्रीझिंग म्हणतात. मागून त्यांचा मुलगा, "बाबा, चला ना, चला ना", तो जितकं म्हणेल तितके ते घट्ट. मी खुर्चीच्या पाठीवर टकटक धरली, एक-दोन-तीन-चार, संथ, आणि तिसऱ्या आवर्तनाला सम (म्हणजे पहिली मात्रा) येता येता म्हटलं "डावा". पाऊल उचललं. मग उजवा आपोआप. बाहेरून ठेका मिळाला की अडकलेलं पाऊल कित्येकदा सुटतं, हे पुस्तकात आहे, फिजिओही करतात, माझा शोध नाही. पण ठेका किती संथ धरायचा आणि "डावा" नेमका कधी म्हणायचा, समेच्या किंचित आधी म्हणजे ती हाक कानात शिरून पाऊल समेवर पडेल, हे मला कुठल्या लेक्चरमध्ये शिकवलेलं नाही. सहा-सात वर्षांच्या पोरांना पहिलं पाऊल टाकायला लावताना ते जमलं होतं. त्या ६०० तासांत.

(एक बारीक गोष्ट. नाचामुळे डिमेन्शिया टळतो असे फॉरवर्ड फिरतात त्यावर जाऊ नका कुणी. २००३ चा एक प्रसिद्ध अभ्यास आहे, त्यात शारीरिक छंदांपैकी फक्त नाचणाऱ्यांमध्ये प्रमाण कमी दिसलं, पण ते निरीक्षण आहे. जे मुळात ठणठणीत तेच नाचायला जात असतील असंही असू शकतं ना. इंटरव्ह्यूमध्ये हे फेकू नकोस, समोर डॉक्टर बसलेला असला तर पंचाईत.)

रेझ्युमेचं. आवडींतून काढ, अनुभवात टाक. "नृत्यामुळे शिस्त आणि आत्मविश्वास आला" हे लिहू नकोस, ते सगळेच लिहितात, पोहणारे पण आणि बुद्धिबळवाले पण. काय केलंस ते लिही. माझी ओळ होती, "६ ते ९ वयोगटातल्या २२ मुलांची बॅच, ५ वर्षे, वार्षिक कार्यक्रमासाठी ८ मिनिटांची समूहरचना बसवणे, पालकांशी संपर्क". कोरडी आहे, पण त्यावर प्रश्न विचारता येतात. आणि कुणी इंटरव्ह्यूमध्ये हसत "मग जरा करून दाखवा की" म्हणालं तर अजिबात उठू नकोस. मी एकदा उठले होते. फॉर्मल शूज घालून, दोन टेबलांच्या मध्ये. ती नोकरी मिळाली पण पुढे दर गॅदरिंगला "आपल्या मॅडम बसवतील", रिहर्सल ऑफिस सुटल्यावर, फुकट, आणि अप्रेझलमध्ये त्याचा एक शब्द नाही. असो, तो वेगळाच विषय, त्यावर कधीतरी सविस्तर लिहीन.

घरच्यांचं म्हणशील तर आमच्याकडेही तेच. तक्ता पूर्ण झाल्यावर बाबांना दाखवला, त्यांनी चष्मा लावून बेरीज परत करून बघितली, बरोबर आली, मग म्हणाले, "एवढे तास मी कुठलंच काम मन लावून केलं नसेल." त्यानंतर तो प्रश्न परत निघाला नाही.

तक्त्याचा रिकामा नमुना हवा असेल तर मेसेज कर, पाठवते. त्यात "सुट्टीचे आठवडे" हा रकाना ठेव, मी पहिल्यांदा ५२ ने गुणून बसले होते आणि दोघी साक्षीदारांनी सही करायला नकार दिला. आणि गुडघ्याचं इथे कुणाला विचारू नकोस, मलाही नको, नर्तकांचे पेशंट बघणारा कुणी फिजिओ गाठ आणि दाखवून घे. "थोडं दुखलं तरी चालतं" हे आपण सगळ्याच जणी बोलतो, मी बोलले होते, आता जिना उतरताना कठडा धरते.